गाडी सिग्नलला थरथरते आणि घाटात दम सोडते: कोड तीन, पण आजार किती?

तुमचं दुखणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. २०१६ ची १.२ पेट्रोल, चार सिलेंडर, कंपनी फिटेड सीएनजी, ८४ हजार किलोमीटर. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंगपर्यंत थरथर येते, आरपीएमचा काटा साडेपाचशे ते नऊशेच्या मधे नाचतो, एसी लावला की अजून वाईट. दोन्ही फ्युएलवर थरथरते पण सीएनजीवर जास्त. आणि गेल्या महिन्यात दोनदा पसरणी घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लागून गाडीची ताकदच गेली, एक्सिलेटर पूर्ण दाबला तरी दोन हजाराच्या वर जाईना, मागे टेम्पोवाला हॉर्न मारतोय, बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत नॉर्मल. मेस्त्रींनी स्कॅनर लावला, पी०१७१ (मिश्रण पातळ), पी०३०२ (दोन नंबरच्या सिलेंडरला मिसिंग, म्हणजे मिश्रण नीट पेटत नाही) आणि पी२१३५ (थ्रॉटलचे सेन्सर जुळत नाहीत) असे तीन कोड निघाले, प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) नवीन टाकली, आठवडाभर बरी चालली आणि परत तेच. शिवाय ई२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे, असं होतंय का असंही विचारलंत.

मी कराडला बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, आणि असल्या गाड्या माझ्याकडे बहुतेक वेळा तिसऱ्या चौथ्या गॅरेजनंतर येतात. त्यामुळे आधीच्या मेस्त्रीला शिव्या घालणार नाही, पी२१३५ दिसल्यावर थ्रॉटल बॉडी बदलावीशी वाटणं साहजिक आहे, मी पण पूर्वी हेच केलंय आणि स्वतःच्या खिशातून भरलंय. पण कोड म्हणजे तक्रार कुठून आली त्याचा पत्ता असतो, चोराचं नाव नसतं.

तुमच्याच लिहिण्यात दोन वाक्यं अशी आहेत की त्यावरून अर्धं निदान होतंय. एक, चावी बंद-चालू केली की गाडी लगेच ठीक होते. दुसरं, थरथर दोन्ही फ्युएलवर आहे पण सीएनजीवर जास्त.

पहिल्याचं बघू. आताच्या गाड्यांत एक्सिलेटरला केबल नसते. पेडलमधे दोन सेन्सर, थ्रॉटल बॉडीत दोन सेन्सर, आणि बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, उघडायला छोटी मोटर. दोन दोन सेन्सर कशाला, तर एक खोटं बोलला तर दुसऱ्याने पकडावं म्हणून. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल उघडताना एका सेन्सरचं व्होल्टेज वर जातं आणि दुसऱ्याचं तेवढंच खाली येतं, दोघांची बेरीज कायम पाच व्होल्टच्या आसपास. काही गाड्यांत दोन्ही वर जातात पण ठरलेल्या प्रमाणात. हे गणित क्षणभर जरी बिघडलं तरी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणतो की माझा या थ्रॉटलवर भरवसा नाही, आणि मोटरची पॉवर काढून घेतो. मग बटरफ्लाय स्प्रिंगच्या जोरावर थोडी उघडी राहते, गाडी रस्त्याच्या कडेला नेण्यापुरती. हाच तो लिंप मोड, आणि पी२१३५ चा अर्थ एवढाच की थ्रॉटलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनात. (पेडलच्या सेन्सरचं भांडण असेल तर पी२१३८ येतो, तो तुमच्याकडे नाही हे बरं.)

आता विचार करा, बटरफ्लायवर काजळी चढलेली असेल तर ती चावी फिरवल्याने साफ होते का? नाही. सेन्सरची ट्रॅक घासली असेल तर तो त्याच त्याच जागी परत परत अडकेल, नुसता घाटात नाही. पण वायर कुठेतरी घासून क्षणभर बॉडीला टेकत असेल, किंवा कपलरची, म्हणजे वायरच्या जोडाची, पिन सैल असेल, तर नेमकं असंच होतं: एकदा टेकली, ईसीएमने लिंप मोड पकडला, तुम्ही चावी बंद केली, वायर परत आपल्या जागी, गाडी ठीक. आणि नवीन थ्रॉटल बॉडीनंतर आठवडाभर बरी चालली ती बॉडी नवीन होती म्हणून नाही, कपलर काढून परत दाबून बसवला म्हणून, असा माझा दाट संशय आहे.

मग घाटातच का? कारण चढावर दुसऱ्या गिअरला इंजिन जोर लावतं तेव्हा ते आपल्या फाउंडेशनवर, म्हणजे ज्या रबरी पायांवर बसवलेलं असतं त्यांवर, कलतं. फाउंडेशनचं रबर बसलेलं असेल तर चांगलं बोटभर कलतं, आणि त्याच्याबरोबर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओढला जातो. सपाट रस्त्याला ही ओढ येतच नाही.

याच जातीची एक टॅक्सी माझ्याकडे आली होती, कराड-कोल्हापूर भाड्याने पळणारी. पेडल बदललेलं, थ्रॉटल बदललेली, एकाने तर ईसीएम खोलून बघितलेला. मी स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर दोन्ही थ्रॉटल सेन्सरचे ग्राफ लावले, इंजिन बंद, चावी ऑन, आणि हार्नेस इंचाइंचाने हलवत गेलो. काहीच नाही, रेषा सरळ. मग पोराला आत बसवलं, पुढच्या दोन्ही चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला, फूटब्रेक दाबलेला, आणि पहिल्या गिअरमधे क्लच अगदी किंचित सोडायला सांगितला, बोनेटसमोर कोणी उभं नाही. इंजिन कललं आणि एका ग्राफला दात पडला, फक्त एक, सुईच्या टोकाएवढा. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली हार्नेस पत्र्याच्या कडेवर टेकलेला, बाहेरची काळी नळी कापलेली आणि आतल्या एका वायरचं इन्सुलेशन नखाएवढं गेलेलं, उघड्या तांब्यावर हिरवट भुकटी जमलेली. वायर तुटलेली नव्हती हेच तर दुखणं, तुटली असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती. तेवढा तुकडा कापून डाग दिला, स्लीव्ह घातली, हार्नेस दुसऱ्या क्लिपला बांधला, खालचं फाउंडेशन नवीन टाकलं. खर्च थ्रॉटल बॉडीच्या पावपट पण नाही.

तुमच्या गाडीत अगदी त्याच जागी असेल असं म्हणत नाही. उंदरानेही कुरतडलेलं असू शकतं, पावसाळ्यात आमच्याकडे चारातली एक वायरिंगची तक्रार उंदराची असते, आणि वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारलं असेल तर थ्रॉटलच्या कपलरमधे पाणी गेलेलं असू शकतं. कपलर काढून पिना टॉर्च लावून बघा, हिरवट किंवा पांढरट काही दिसलं तर तिथेच थांबा. पिन सैल आहे का ते बघायला बारीक सुई घालून उघडू नका, त्याने चांगली पिन पण फाकते.

आता दुसरं वाक्य, दोन्ही फ्युएलवर थरथर पण सीएनजीवर जास्त. सीएनजी असलेल्या गाडीत हे फुकटचं निदान मिळतं, पण वापरतं कोणी नाही. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचे नोजल, पंप, फिल्टर बघायचे. फक्त गॅसवर असेल तर गॅसचे नोजल, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस फिल्टर. दोन्हीवर असेल तर या दोघांचं काही नाही, जे दोघांना सामायिक आहे तिथे बघायचं: प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब), मॅनिफोल्डचं (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग. आणि दोन्हीवर असून गॅसवर जास्त असेल तर माझं बोट सरळ कॉइलकडे जातं, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, अशक्त कॉइल पेट्रोलवर कशीबशी निभावते आणि गॅसवर उघडी पडते.

प्लग तर नवीन टाकलेत, मग? प्लग नवीन पण कॉइलचं रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी टोपी, जुनं, असं नाही ना झालं? दोन नंबरचा प्लग काढा आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर बघा. पेन्सिलीने उभी रेघ मारावी तशी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी खाली टोकाला न जाता बाहेरून बॉडीला उडतेय. तीच रेघ बुटाच्या आतल्या बाजूला पण सापडेल, आणि जुनं बूट नवीन प्लगला काही दिवसांत तशीच रेघ मारतं, मग आठवड्याने गाडी परत तिथेच. प्लगच्या विहिरीत तेल साचलंय का ते पण बघा, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर तेल बुटावर येतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. प्लगचा गॅप सीएनजी गाडीला पेट्रोलपेक्षा थोडा कमी ठेवतात, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघून फिलर गेजने तपासा, डब्यातून काढला तसा बसवला असेल तर तेही एक कारण.

कॉइल तपासायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अदलाबदल. दोन नंबरची कॉइल बुटासकट तीनवर, तीनची दोनवर. कोड खोडा, गाडी गॅसवर चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, वाद संपला. पी०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा, आणि तरीही दोनलाच चिकटला तर मग कॉम्प्रेशन. जुनी सवय म्हणून चालू इंजिनवर कॉइलचा कपलर काढून कुठला सिलेंडर मेलाय ते बघू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिकमधे (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं आणि तो भाग महाग आहे. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ पण तोच असतो, कॅटॅलिटिक भाजला जातोय, पाय हलका करा.

आणि पी०१७१ चं काय, तो तर सांगतोय की मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी हवा जास्त. इथे भले भले फसतात. सिलेंडरमधे ठिणगीच पडली नाही तर आतला ऑक्सिजन वापरला जात नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो, तो ईसीएमला सांगतो हवा जास्त आहे, ईसीएम बिचारा चारही सिलेंडरला पेट्रोल वाढवतो, आणि तरी लीनच, म्हणजे पातळच, दिसत राहतं. म्हणजे मिसिंगमुळे लीनचा कोड येऊ शकतो. लोक उलट समजून व्हॅक्यूम लीक, म्हणजे चोरून हवा कुठून शिरतेय ते, शोधत बसतात, नोजल क्लिनिंगचे पैसे भरतात.

व्हॅक्यूम लीकबद्दल अजून एक. तुमच्या गाडीत हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर आहे की मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर, म्हणजे मॅप, ते आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅपच असतो. मॅपवाल्या गाडीत कुठून हवा आत शिरली तर मॅपला ती दिसते आणि ईसीएम तेवढं पेट्रोल देतो, त्यामुळे लीनचा कोड येण्याऐवजी आयडलिंगच, म्हणजे पाय न देता इंजिन फिरतं तो वेगच, चढतो. एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत मात्र लीक म्हणजे चोरून आलेली हवा, तिथे पी०१७१ लगेच येतो, आयडलला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा, वर आणि अडीच हजारावर रेस केली की खाली येतो. उलट रेस केल्यावर किंवा चढावर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल पोचत नाहीये, पंप किंवा फिल्टर. मॅपवाल्या गाडीला अपवाद एकच, लीक एकाच सिलेंडरच्या फाट्यावर असेल, मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा नोजलची रबरी रिंग, तर तो एकटा सिलेंडर पातळ पडतो आणि त्याच नंबरचा मिसफायर येतो. त्यामुळे कॉइल निर्दोष निघाली तर दोन नंबरच्या नोजलची रिंग बघाच.

मॅप सेन्सर खरं बोलतोय का ते बघायला पैसे लागत नाहीत. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबई-रत्नागिरीला साधारण १०० किलोपास्कल, आमच्या कराडला किंवा पुण्यात ९५ च्या आसपास, पाचगणी-महाबळेश्वरला ८६-८७. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की तो ३० ते ४० च्या मधे यायला पाहिजे. पंचेचाळीस-पन्नास दाखवत असेल तर लीक तरी आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. लीक शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारू नका, मी एकदा भुवया जाळून घेतल्यात. ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत ओढणारा), पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) असा एकेक पाइप मऊ चिमट्याने दाबायचा, ज्याला दाबल्यावर आयडल सुधारलं तो चोर. पेट्रोल भरल्या भरल्या स्टार्टिंगला त्रास आणि मग दोन मिनिटं थरथर असं होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, हे इतकं ठरलेलं लक्षण आहे की मी फोनवर सांगतो.

ई२० बद्दल विचारलंत. त्याने ट्रिम थोडा वर जातो हे खरं, ई१० (दहा टक्के इथेनॉल) पेक्षा साधारण चार टक्के, कारण इथेनॉलला हवा कमी लागते म्हणून तेवढंच पेट्रोल जास्त द्यावं लागतं. पण त्याने एकट्या दोन नंबरला मिसिंग येणार नाही आणि गॅसवर तर मुळीच नाही. टाकीत वर्षभर दोन लिटर पेट्रोल घेऊन नुसती गॅसवर पळवणं हे मात्र थांबवा, पंप पेट्रोलमधे बुडालेला असतो म्हणून थंड राहतो, आणि न वापरलेले पेट्रोलचे नोजल चिकटतात.

या सगळ्याच्या आधी, खरं तर पहिल्याच दिवशी, बॅटरी आणि अर्थिंग. कंटाळवाणं काम म्हणून सगळे टाळतात. उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीला १३.८ ते १४.५. मग मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनच्या बॉडीला, गाडी चालू, हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं ऑन. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग चांगलं. ०.३-०.४ दिसलं तर अर्थची पट्टी काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत आवळा. मी अशा पट्टीखालून मातीचा आणि गंजाचा थर चमच्याने खरवडून काढलाय. खराब अर्थिंग असेल तर सगळेच सेन्सर थोडं थोडं खोटं बोलतात आणि असे तीन तीन असंबद्ध कोड एकत्र येतात. एसी लावल्यावर वाईट होतं म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. अर्थात सिलेंडर मेलेल्या इंजिनला एसीचं ओझं पण झेपत नाही, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही.

तर मला दिसतंय ते असं: दोन नंबरची ठिणगी अशक्त, त्यामुळे मिसिंग, मिसिंगमुळे खोटा लीनचा कोड, मिसिंगच्याच हादऱ्यांनी फाउंडेशन लवकर बसलं, आणि फाउंडेशन बसल्यामुळे घाटात हार्नेस ओढला जाऊन पी२१३५. म्हणजे आजार दोन, कॉइल आणि वायर, आणि तिसरा कोड फुकटचा. चूक असू शकते, गाडी माझ्यासमोर नाही. कॉइल, प्लग, नोजल सगळं निर्दोष निघालं तर कॉम्प्रेशन काढा, चारही सिलेंडर एकमेकांच्या जवळपास पाहिजेत. सीएनजीवर ८४ हजार पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या वरची मोकळी फट) मरतो, मग इंजिन गरम झालं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. इंजिन थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर थरथर वाढते असं असेल तर टॅपेट सेटिंग आधी, हेड उतरवायची घाई नको.

मेस्त्रींकडे जाल तेव्हा कोड खोडायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून घ्या. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, पाणी किती गरम, गाडीचा स्पीड किती, हे त्यात साठवलेलं असतं आणि कोड खोडला की तेही जातं. पी०३०२ साडेसातशे आरपीएमला लागलाय की तीन हजाराला, यावरून अर्धा दिवस वाचतो. नवीन थ्रॉटल टाकल्यावर स्कॅनरने अडॅप्टेशन केलं होतं का तेही विचारा. ईसीएमने जुन्या काजळी धरलेल्या बटरफ्लायला किती उघडायचं ते शिकून ठेवलेलं असतं, नवीन बसवून ते शिकवणं विसरलं तर आयडलिंग नाचतंच, तुमचा साडेपाचशे ते नऊशेचा नाच थोडा त्यातलाही असू शकतो. जुनी थ्रॉटल बॉडी टाकून दिली नसेल तर मागून घ्या, चांगली असणार ती.

डिझेलवाल्यांनी खाली विचारायच्या आधीच सांगतो, तुमचं प्रकरण वेगळं, तिथे टर्बोचा फाटलेला पाइप, अडकलेला ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि फ्युएल फिल्टरमधलं पाणी इथून सुरुवात करा, हे वरचं लावू नका.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करून बघा आणि कोड कुठे गेला ते कळवा. गरम असताना ओढू नका, जुनं बूट खालीच तुटून राहतं आणि मग ते काढायला माझ्यासारख्याकडे यावं लागतं.